जास्वंद की बकुळ? मुंबईतील सोसायटीच्या अंगणासाठी फुलझुडूप आणि सावलीचे झाड यांतून निवड कशी करावी

सोसायटीच्या इमारतीमागे किंवा प्रवेशद्वाराशेजारी मातीचा एखादा पट्टा मोकळा झाला की सभासदांमध्ये हमखास दोन मते पडतात. काहींना रोजच्या पूजेला फुले देणारे झुडूप हवे असते, तर काहींना एप्रिल-मे महिन्यांत ज्याखाली निवांत बसता येईल असे झाड हवे असते. दोन्ही मागण्या रास्त आहेत. परंतु मुंबईत मोकळी जमीन इतकी दुर्मीळ आहे की येथे चुकीच्या जागी लावलेल्या झाडाची किंमत लावणाऱ्याबरोबरच पुढे तीस-चाळीस वर्षे तेथे राहणाऱ्या प्रत्येकाला मोजावी लागते. म्हणून ज्या जागेत सावलीचे झाड खरोखर मावते ती जागा झुडपांनी अडवू नये आणि जेथे ते मावत नाही तेथे ते हौसेपोटी कोंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फुलझुडूप दीड मीटरच्या पट्ट्यातही सुखाने वाढते. झाडाला तशी सवलत नसते. त्यामुळे आधी झाडाचा प्रश्न सोडवावा आणि मग झुडपाकडे वळावे.

तुलना मोघम राहू नये म्हणून येथे झुडपांपैकी जास्वंद आणि झाडांपैकी बकुळ यांचा विचार केला आहे. दोन्ही मुंबईच्या हवेत उत्तम वाढतात आणि रोपवाटिकांत सहज मिळतात. शिवाय त्यांच्या गरजा एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की निवडीचे सगळे निकष या जोडीतून स्पष्ट होतात.

जमिनीखाली काय आहे ते आधी पाहावे

रोप विकत घेण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयातून इमारतीचा नकाशा मागवून घ्यावा. पाण्याची भूमिगत टाकी, मलवाहिनी आणि तिचे चेंबर, पर्जन्यजल वाहून नेणारी नाली, विजेची केबल आणि गॅसची पाइपलाइन यांपैकी काय कोठून जाते, हे त्यावर खुणा करून ठरवावे. झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळे प्रामुख्याने जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. ती सरळ खोल जातात हा समज खरा नाही. टाकीच्या भिंतीला किंवा मलवाहिनीच्या सांध्याला बारीकशी भेग असली तरी ओलाव्याच्या मागाने मुळे तेथे पोहोचतात. त्यामुळे बकुळीसाठी इमारतीच्या भिंतीपासून किमान पाच मीटर, कुंपणाच्या भिंतीपासून तीन मीटर आणि टाकी किंवा चेंबरपासून चार-पाच मीटर अंतर मिळत असेल तरच तिचा विचार करावा. जास्वंदीला भिंतीपासून एक मीटर अंतर पुरेसे होते. अग्निशमन दलाची गाडी ज्या मार्गाने आत येणार तो मार्ग दोघींपैकी कोणीही अडवता कामा नये.

अंतरे जुळली तरी माती तपासणे बाकी राहते. मुंबईचा मोठा भाग भरावावर वसलेला आहे. चारकोप किंवा लोखंडवालासारख्या खाडीकाठच्या भागांत वरची वीतभर लाल माती उकरली की खाली विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि चिखल लागतो, तर मुलुंड-भांडुपच्या डोंगरउताराकडे मुरूम आणि कातळ लवकर लागतो. मे महिन्यात, पावसाआधी, अर्धा मीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. ते रात्रभरातही जिरले नाही, तर पावसाळ्यात त्या जागी मुळे पाण्यात कुजणार हे निश्चित समजावे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. ज्या जागी पाणी जिरत नाही तेथे जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि दीड-दोन मीटर रुंद असा मातीचा उंचवटा करून त्यावर लागवड करावी. जास्वंदीसाठी हा उपाय पुरेसा ठरतो. बकुळीसाठी मात्र उंचवटा बराच अधिक रुंद लागतो, कारण अरुंद ढिगावर वाढलेले झाड वाऱ्यात कलंडते.

उन्हाचा हिशेब

रोपवाटिकेतील फुललेली जास्वंद पाहून ती घरी आणली जाते आणि सहा महिन्यांत तिला फुले येईनाशी होतात, ही तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष खताचा नसून उन्हाचा असतो. जास्वंदीला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागते. त्याहून कमी मिळाले तर ती पाने धरते, उंच होते, पण कळ्या मोजक्याच येतात. उंच इमारतींच्या दाटीत पाच तास थेट ऊन मिळणारी जागा शोधणे सोपे नसते आणि डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून ती सापडत नाही.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो, म्हणजे बारा मीटर उंच झाडाची किंवा भिंतीची सावली उत्तरेकडे सुमारे अकरा मीटर लांब पडते. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्या दोन दिवसांच्या दरम्यान तो माध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की इमारतीच्या उत्तरेकडील पट्टा मे-जूनमध्ये उजळ दिसतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण छायेत जातो. मे महिन्यात पाहणी करून तेथे जास्वंद लावली, तर हिवाळाभर ती रुसल्यासारखी उभी राहते. म्हणून सावलीची नोंद वर्षातून दोनदा घ्यावी, एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि एकदा एप्रिल-मेमध्ये. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता सावलीच्या कडेवर खडूने किंवा चुन्याने रेघ ओढावी आणि प्रत्येक वेळेचे छायाचित्र काढून ठेवावे. एवढ्या साध्या कष्टाने निम्मा वाद मिटतो.

बकुळीचा उन्हाशी संबंध वेगळा आहे. कोवळ्या वयात ती अर्धवट छायेतही तग धरते आणि इमारतींच्या मधून वर वाढत ऊन गाठते. तिच्या बाबतीत विचार करायचा तो तिच्यावर पडणाऱ्या उन्हापेक्षा तिच्यापासून मिळणाऱ्या सावलीचा. उन्हाळ्यात भरदुपारची सावली झाडाच्या अगदी बुंध्याशी पडते, तर दुपारी चारच्या सुमारास ती झाडाच्या उंचीएवढी लांब होऊन पूर्वेकडे सरकते. आपल्याकडे अंगाची काहिली होते ती मुख्यतः दुपारी तीन ते पाचच्या पश्चिमेच्या उन्हाने. त्यामुळे ज्या बाकावर ज्येष्ठ मंडळी बसतात किंवा ज्या खोल्यांच्या भिंती संध्याकाळी तापतात, त्यांच्या पश्चिमेस झाड लावावे. इमारतीच्या पूर्वेकडे लावलेली बकुळ सकाळचे कोवळे ऊन अडवते आणि दुपारी काहीच उपयोगाची ठरत नाही.

जास्वंद काय देते, काय मागते

लावल्या वर्षीच फुले मिळणे, हा जास्वंदीचा सर्वांत मोठा गुण होय. एक फूल एकच दिवस टिकते, परंतु निरोगी झुडपावर रोज नवी फुले उमलतात आणि गणेशोत्सवात शेजाऱ्यांनाही पुरतात. शिंजीर पक्षी मधासाठी तिच्याकडे येतात. जागा कमी असली, इमारतीच्या पुनर्विकासाची चर्चा चालू असली किंवा पट्ट्याखालून पुढे-मागे केबल जाणार असली, तर जास्वंदच लावावी, कारण ती छाटता येते, हलवता येते आणि फांदीपासून पुन्हा तयार करता येते.

त्या बदल्यात ती सतत लक्ष मागते. उन्हाळ्यात तिला जवळजवळ रोज पाणी लागते. ती फुलते नव्या फुटीवर, त्यामुळे पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीच्या अखेरीस एक-तृतीयांश फांद्या छाटाव्या लागतात. फेब्रुवारी ते मे या काळात पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण शेंड्यांवर बसतो. त्याच्यामागे मुंग्या येतात आणि त्याला फांदीफांदीवर पसरवतात. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा, आणि तरीही राहिल्यास एका लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. फवारणी आठवड्याने पुन्हा करावी. एकदाच करून भागत नाही. रोपवाटिकेत मोठ्या, रंगीत फुलांच्या संकरित जाती मन मोहून टाकतात, पण मुंबईच्या पावसात त्यांची मुळे लवकर कुजतात. साधी, पाच पाकळ्यांची लाल देशी जास्वंदच येथे सर्वांत भरवशाची आहे.

ऊन पाच तासांपेक्षा कमी असेल तर जास्वंदीचा हट्ट सोडून तगर लावावी. तीन-चार तासांच्या उन्हातही ती वर्षभर पांढरी फुले देते. कण्हेर आणि बिट्टी दिसायला सुंदर आणि काटक असल्या तरी त्यांचे सर्व भाग विषारी असतात. जेथे लहान मुले खेळतात तेथे त्या लावू नयेत, याबाबत मुळीच तडजोड करू नये.

बकुळच का

सावलीचे झाड म्हटले की अनेकांना गुलमोहर आठवतो. मे महिन्यातील त्याचे सौंदर्य नाकारता येणार नाही. परंतु तो मूळचा मादागास्करचा, त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात, आणि ऐन वाऱ्यापावसात त्याच्या फांद्या कडाकड मोडतात. सोनमोहराचीही तीच गत होते. पर्जन्यवृक्ष भव्य सावली देतो, पण त्याचा घेर सोसायटीच्या अंगणात मावत नाही आणि गेल्या दशकात मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष किडीने वाळले. वड, पिंपळ आणि उंबर यांची जागा मैदानात किंवा देवळाच्या आवारात आहे, भिंतींच्या जवळ नाही. कुंपणाला लागून ओळीने लावला जाणारा उंच, निमुळता खोटा अशोक तर सावलीच देत नाही, त्यामुळे या तुलनेत त्याला स्थानच उरत नाही.

बकुळ सदाहरित आहे. तिची पाने दाट आणि चिवट असतात, लाकूड मजबूत असते, आणि तिचा गोलसर माथा छाटणीशिवायही आटोपशीर राहतो. ती पश्चिम घाटातील आपलीच असल्यामुळे येथील पाऊस तिला परका नाही. मुख्यतः उन्हाळ्यात तिची चांदणीसारखी फुले पहाटे झाडाखाली पडतात आणि सुकल्यावरही त्यांचा गंध टिकतो. केशरी-पिवळी फळे बुलबुल, कोकीळ आणि वटवाघळे खातात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शहरात शेकडो झाडे कोसळली. अशा वेळी झाड उन्मळण्यामागे वाऱ्याइतकीच बुंध्यापर्यंत केलेली काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉकची फरशी आणि केबलसाठी खणताना तोडलेली मुळेही कारणीभूत असतात. बकुळ लावायची असेल तर तिच्या बुंध्याभोवती चारही बाजूंनी किमान एक मीटर माती कायमची उघडी ठेवण्याचा ठराव सोसायटीने आधीच करून ठेवावा. मी हा आग्रह धरतो, कारण पाच वर्षांनी नवी कार्यकारिणी येते, पार्किंगसाठी फरशी वाढवते आणि झाडाचा श्वास कोंडतो.

बकुळीचा दोष एकच, तो म्हणजे संथ वाढ. डोक्यावर खरी सावली येण्यास आठ-दहा वर्षे धीर धरावा लागतो. घाई असेल तर दोन-अडीच मीटर उंचीचे रोप घ्यावे, मात्र त्याची मुळे पिशवीत गोल गुंडाळलेली नाहीत ना, हे पाहूनच घ्यावे. अगदी समुद्राला लागून असलेल्या, खारे वारे थेट झेलणाऱ्या जागी बकुळीपेक्षा उंडी किंवा करंज अधिक तग धरतात. कोणतेही झाड निवडण्यापूर्वी ते पूर्ण वाढलेले पाहून घ्यावे. त्यासाठी भायखळ्याच्या राणीच्या बागेसारखी जागा नाही. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात जुनी, विस्तारलेली झाडे पाहता येतात आणि सहा मीटरचा घेर म्हणजे नेमके काय ते तेथे उभे राहिल्यावर कळते.

निर्णयापूर्वी कायद्याचा भागही लक्षात घ्यावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खाजगी जागेतील झाडांनाही लागू आहे. एकदा वाढलेली बकुळ नको वाटली म्हणून तोडता येत नाही, आणि मोठ्या फांद्यांच्या छाटणीसाठीही महानगरपालिकेच्या उद्यान खात्याकडे रीतसर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. पावसाळ्यापूर्वी छाटणी हवी असल्यास अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्येच करावा.

लागवड

जूनमध्ये दोन-तीन दमदार सरी पडून जमीन खोलवर भिजली की लागवडीस आरंभ करावा. बकुळीसाठी एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावा. त्यातील डेब्रिज पूर्ण बाहेर काढावे. ते तसेच ठेवून वर माती टाकण्याचा मोह आवरावा. दोन भाग चांगली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि दोन-तीन ओंजळी निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने खड्डा भरून, पायाने हलके दाबून, मग रोपापुरती जागा पुन्हा करावी. पिशवी ब्लेडने फाडून काढावी. बुंधा जेथे मुळांना मिळतो तो फुगीर भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे; तो मातीत गाडला गेला तर साल कुजते. रोपाच्या दोन्ही बाजूंना, मुळांच्या गोळ्याबाहेर, एकेक बांबू रोवून सुतळीचा सैल फास द्यावा, म्हणजे झाड थोडे हलत राहते आणि त्याचा बुंधा बळकट होतो. दोन वर्षांनी हा आधार काढून टाकावा. जास्वंदीसाठी अर्धा मीटरचा खड्डा आणि तेच मिश्रण पुरते. दोन झुडपांमध्ये सव्वा ते दीड मीटर अंतर ठेवावे.

पावसाळ्यात वरून पाणी देऊ नये. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र नव्या रोपांची परीक्षा असते आणि नेमके तेव्हाच सगळे निर्धास्त होतात. बकुळीला पहिल्या दोन उन्हाळ्यांत दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस लिटर पाणी सावकाश द्यावे आणि बुंध्यापासून चार बोटे सोडून पालापाचोळ्याचा थर पसरावा. तिसऱ्या वर्षानंतर तिचा भार हलका होतो, जास्वंदीचा कधीच होत नाही. बोअरवेलचे पाणी समुद्राजवळच्या भागांत खारट असते आणि त्याने जास्वंदीच्या पानांच्या कडा करपतात. एसीतून ठिबकणारे पाणी क्षारविरहित असते. ते बादलीत साठवून जास्वंदीला घालावे.

पोडियमवरील, म्हणजे पार्किंगच्या मजल्याच्या छतावरील, बागेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, स्लॅबवर अर्धा-पाऊण मीटर माती असते, तेथे बकुळ लावू नये. तेथे जास्वंद, तगर आणि एक्झोरा यांचाच विचार करावा.

दोन्ही हव्या असतील तर

वर सांगितलेली अंतरे सांभाळण्याइतकी जागा रुंद असेल तर दोन्ही लावता येतात, मात्र त्यांची मांडणी सूर्याला धरून करावी. बकुळ उत्तरेकडे किंवा वायव्येकडे आणि जास्वंदीची रांग तिच्या दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे असली, तर हिवाळ्यातील लांब सावली जास्वंदीवर पडत नाही. सुरुवातीस दोघींमध्ये तीन-साडेतीन मीटर अंतर पुरेसे वाटते, परंतु आठव्या-दहाव्या वर्षी बकुळीचा घेर जास्वंदीच्या डोक्यावर येऊ लागतो. सर्वांत जवळच्या झुडपाच्या कळ्या कमी झाल्या आणि फांद्या उन्हाच्या दिशेने वाकू लागल्या की ती वेळ आली असे समजावे. त्या वेळी झाडाच्या फांद्या तोडून झुडूप वाचवू नये. ही स्थिती येण्याच्या एक-दोन वर्षे आधीच, पावसाळ्याच्या आरंभी, जास्वंदीच्या पेन्सिलीएवढ्या जाड आणि वीतभर लांब फांद्या कापून, खालची पाने काढून, वाळूमिश्रित मातीत लावून ठेवाव्यात. त्यांना मुळे फुटली की ती रोपे उन्हाच्या कडेला हलवावीत आणि बकुळीखाली रिकाम्या झालेल्या जागी, छाया विरळ असेल तर तगर व अबोली आणि ओल टिकत असेल तर सोनटक्का लावावा. हे लावताना कुदळ न वापरता खुरप्याने लहान खड्डे करावेत, कारण एव्हाना त्या मातीत बकुळीची मुळे पसरलेली असतात.